जिभाऊंचं फुडलं मशीन

आमच्या शेजारच्या जिभाऊंचा माणूस गेली कित्येक वर्षं एकाच खड्ड्यात पडतो आहे.

माणूस म्हणजे हाडामांसाचा नव्हे. जिभाऊंच्या हातात ते खेळायचं मशीन असतं ना, त्याच्या पडद्यावरचा नखाएवढा माणूस. चालू केलं की तो पळायला लागतो, चार झाडं ओलांडली की खड्डा येतो, आणि त्यावरून त्यानं उडी मारायची असते. उडीचं बटण उजवीकडे. जिभाऊ ते दाबतच नाहीत. डाव्या अंगठ्यानं त्याला पळवत पळवत काठापर्यंत आणतात आणि शांतपणे आत जाऊ देतात. या सगळ्या वेळात उजवा हात मांडीवर, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा स्वस्थ. माणूस पडला की मशीन एक रडका सूर काढतं. जिभाऊ "हं" करतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

मी शाळेत शिकवते. चुका दुरुस्त करण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे ओट्याला ओटा लागून राहणारा माणूस डोळ्यांदेखत तीच चूक सकाळ-संध्याकाळ करतो आहे, हे मला बघवत नसे. सुरुवातीला वाटलं, बिचाऱ्यांच्या उजव्या अंगठ्यात काही दोष असेल. मग एकदा त्याच हातानं त्यांनी उसाचं कांडं कडकन मोडून माझ्यापुढे धरलं. अंगठा ठणठणीत होता. म्हणजे मुद्दाम चाललं होतं सगळं.

मी मूळची नाशिककडची. बदली होऊन शहाद्याजवळच्या म्हसावदला आले आणि इथलीच होऊन बसले. अहिराणी मला सगळी कळते, बोलता निम्मीच येते, आणि ती निम्मी ऐकून आमच्या शेजारच्या आक्का तोंडाला पदर लावतात. आक्का म्हणजे जिभाऊंची बायको. दोघांना एकच मुलगी, ती लग्न होऊन सुरतेला. घरात ही दोघं, एक म्हैस आणि ते मशीन.

जिभाऊ रिकामटेकडे आहेत असं मात्र कोणी समजू नये. कापूस, ऊस, थोडी पपई, सगळं स्वतः बघतात. गावात कुणाचं लग्न जमवायचं असो की मोडायचं, जिभाऊंना बोलावणं जातं. पांढरा सदरा, पांढरी टोपी, भरघोस मिशी. असा माणूस चारचौघांत बोलता बोलता खिशातून हळूच मशीन काढतो आणि एका अंगठ्यानं खेळायला लागतो. नवखा पाहुणा आधी मशीनकडे बघतो, मग मिशीकडे, मग आमच्याकडे. आम्ही मान हलवतो. पाहुणा समजून जातो.

मशीनला मागे झाकण नव्हतं. आतली बॅटरी उघडी, आणि ती पडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आवळलेली. गाव म्हणायचं, एवढी जमीन आणि झाकणाला पैसे सुटत नाहीत, जिभाऊ चिकट. पट्टी सैल झाली की जिभाऊ नवी कापत.

उन्हात पडदा दिसत नाही म्हणून ते डोक्यावरून टॉवेल घेऊन आत तोंड घालून खेळायचे. माझ्या सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा त्यांनी समोरच्या लिंबाखाली हे दृश्य पाहिलं. त्यांना वाटलं, गृहस्थांना सर्दी झाली आहे आणि ते वाफारा घेताहेत. त्यांनी आलं-तुळशीचा काढा करून पाठवला. टॉवेलातून एक हात बाहेर आला, पेला आत गेला, रिकामा पेला बाहेर आला. सासूबाई तिसऱ्या दिवशीही काढा पाठवायला निघाल्या तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच खेळत होते.

जिभाऊंच्या तोंडात एक वाक्य कायमचं. "फुडलं मशीन येऊ द्या बाई, मंग दखा." पुढलं मशीन आलं की मग बघा म्हणे. हातातल्या मशीनबद्दल त्यांना काडीचा आदर नाही. सगळी आशा पुढल्या मशीनवर. कंपनीवाले म्हणे घरात पंख्याखाली बसून मशीन बनवतात, त्यांना उन्हाची काय कल्पना. पुढलं मशीन भर दुपारी वावरात लख्ख दिसेल. त्यात मिरचीची धूळ शिरणार नाही. ट्रॅक्टर चालू केला की आपोआप चार्ज होईल. हात कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले असले तरी बटणं कुरकुर करणार नाहीत.

आणि त्यातले खेळ. खेळांबद्दल ते बोलायला लागले की माझा चहा निवायचा. मारामारीचे खेळ त्यांना अजिबात मान्य नाहीत. एकदा मी सहज विचारलं, सगळ्या जगाला आवडतात, तुम्हाला का नको? तर म्हणाले, "मारामारी करासाठे मशीन कसाले, बाई? तेनासाठे भाऊबंद शेतस ना." मारामारीला भाऊबंद आहेतच की, हे ऐकून तेव्हा मी हसले होते.

त्यांना हवे असलेले खेळ निराळेच. एक होता मिरचीचा. नंदुरबारकडे मोकळ्या मैदानांवर लाल मिरची वाळत घालतात, तशी पडद्यावर मिरची पसरलेली. अचानक आभाळ भरून येतं. थेंब पडायच्या आत सगळी गोळा करायची. मी म्हटलं, आणि जिंकलं तर? जिंकलं तर ऊन पडतं, आणि मिरची पुन्हा पसरायची. दुसरा पंगतीचा. वाढप्यानं बुंदी घेऊन पळायचं, कोणी पानावर हात आडवा धरला तरी त्याच्या बोटांच्या फटीतून वाढायची. एकजणही अर्धपोटी उठला की खेळ खलास. तिसरा एसटीचा, त्यात खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. यातली सगळ्यात अवघड पायरी म्हणजे आधीच बसलेल्या म्हातारीला रुमाल दाखवून उठवणं. तिथपर्यंत कुणी पोचूच नये असं जिभाऊंचं मत होतं, कारण म्हातारीला उठवणं बरं नाही.

शहाद्याला शेतीचं प्रदर्शन भरलं तेव्हा सौर पंपाच्या मांडवात ते बराच वेळ उभे राहिले. विकणारा खूश झाला. त्यानं पाणी, पाइप, अनुदान सगळं समजावून सांगितलं. जिभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातलं मशीन काढून विचारलं, याला हा सूर्य लावता येईल का? त्या माणसाला जे काही वाटलं असेल ते असो, त्यानं पाणी मात्र घोटभर प्यायलं.

पण हे सगळं वरवरचं. पुढल्या मशीनकडून त्यांची खरी अपेक्षा एकच होती, आणि ती ते आवाज खाली आणून सांगायचे. मशीन दोन माणसांचं पाहिजे. दोन मशीनं नकोत, तारेनं जोडलेली नकोत, आकाशातून जोडलेली तर मुळीच नकोत. मशीन एकच. डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. दोन वेगवेगळ्या माणसांचे अंगठे टेकले तरच चालू होईल, एकट्याच्या हातात मेलं तरी होणार नाही. मी म्हटलं, असलं मशीन कोण घेईल, जिभाऊ? माणूस एकटा असतो म्हणून तर खेळतो. वर्गातल्या मठ्ठ पोराकडे मी पाहते, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता माझ्याकडून काय झालं ते सांगते. दिवाळीच्या सुटीत दुपारी मी त्यांच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. शेजारी तो माणूस पळत होता, पडत होता, रडका सूर, "हं", पुन्हा पळत होता. मेथीची जुडी संपेपर्यंत मी कळ काढली. मग त्या इवल्याशा जिवाची मला इतकी कणव आली की मी सरळ हात लांब केला आणि तो काठावर येताच उजवीकडचं बटण दाबलं.

माणूस उडाला. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा त्याचे पाय त्या खड्ड्यावरून गेले. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात जिभाऊंनी मशीन खटकन बंद केलं. चेहरा लालबुंद. "ती जागा मोकळी नही शे, बाई," एवढंच बोलले आणि उठून घरात गेले. त्यानंतर किती तरी दिवस त्यांनी माझ्याकडे चहा घेतला नाही. मीही भडकले. एका बटणासाठी एवढा राग? बसा म्हटलं खड्ड्यात, तुम्ही आणि तुमचा माणूसही.

शेवटी आक्कांनीच मला म्हशीच्या गोठ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं.

जिभाऊंना एक धाकटा भाऊ आहे, बापू. मी म्हसावदला यायच्या आधीची गोष्ट. दोघं भाऊ एकत्र राहायचे, एकत्र कसायचे. एका वर्षी कापूस विकून येताना बापूंनी यात्रेतून एक मशीन आणलं. तेव्हा रंगीत नव्हतं काही, वरून नुसत्या विटा पडायच्या. डावीकडची बटणं वीट सरकवायची, उजवीकडचं बटण ती फिरवायचं. घरी दोघांना एकदमच खेळायचं होतं आणि मशीन एक. मग या दोघा बाप्यांनी तोड काढली. खांद्याला खांदा लावून बसायचं, वीट जिभाऊंनी सरकवायची, बापूंनी फिरवायची. वावरातली वीज गेली की ती येईपर्यंत विहिरीच्या काठावर दोघं हेच करत बसायचे. वीज येऊन गेली तरी कळायचं नाही. आक्का आणि त्यांची जाऊ भाकरी घेऊन जायच्या तेव्हा हे दोघे एका अंगाचे झाल्यासारखे डुलत असायचे, बोलायची गरज नाही, सांगायची गरज नाही. आक्का म्हणाल्या, तेव्हा आम्हा दोघींना त्या मशीनचा असा राग यायचा, की विहिरीत टाकून द्यावं.

भांडण झालं ते त्याच विहिरीवरून. पाण्याची पाळी कोणाची. एका शब्दाला दुसरा शब्द लागला आणि वाटण्या झाल्या. पंच बसले. वावर वाटलं, औतं वाटली, तांब्याचे हंडे वाटले. उरलं मशीन. एका पंचानं सुचवलं, पाळीपाळीनं ठेवा. पाळी हा शब्द निघाल्याबरोबर दोघे पुन्हा उठून उभे राहिले. मग बापूंनी मशीन उचललं, मागचं झाकण ओढून काढलं, सेल जमिनीवर गडगडत गेले. झाकण खिशात घातलं आणि म्हणाले, "मशीन तुन्हं, झाकण मन्हं." आणि बायको-मुली घेऊन नंदुरबारकडच्या धानोऱ्याला निघून गेले. नुसतं गाव बदललं असतं तर येता-जाता दिसले तरी असते, त्यांनी तालुकाच बदलला. तिथे बी-बियाण्याचं दुकान टाकलं.

तेव्हापासून अबोला. मोठ्यानं आधी बोलायचं नाही, धाकट्यानं आधी यायचं नाही, असा दोघांचा न बोलता झालेला करार. उजवी बाजू बापूंची, म्हणून जिभाऊ तिथे स्वतःचासुद्धा अंगठा लावत नाहीत.

मी चटकन विचारलं, मग कानबाईचं काय? आता हे जरा समजावून सांगायला हवं. कानबाई ही खानदेशची श्रावणातली देवी. तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठी-मुठी गहू काढतात, तेच दळायचे, त्याचेच रोट, म्हणजे जाडजूड पोळ्या. ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. मी पडले शेजारीण, म्हणून मला त्या घरातून खीर मिळते, रोट नाही. आणि दर वर्षी कानबाई झाली की दुपारी आक्का माझ्याकडे ओवा मागायला येतात. जिभाऊ पोट धरून आडवे असतात. मला वाटायचं, या वयात जरा बेतानं खावं, तर नाही.

आक्का म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मूठ तर बापूना नावनी दरसाल पडस, बाई. खाणारा नही, म्हणीसन हाऊ माणूस दोन जननं खास."

दोघांच्या वाटणीचं जिभाऊ एकटे खात होते. मी घरी आले आणि ओव्याचा डबा फडताळात हाताशी येईल असा पुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी मीच चहाचा कप घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. जिभाऊंनी घेतला. बटणाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

पुढे एकदा माझ्या मोबाइलला चार्जिंगची पिन बसेना म्हणून शहाद्याला शकीलभाईंच्या दुकानात गेले. शकीलभाई म्हणजे आमच्या सगळ्या पंचक्रोशीच्या मोबाइलचे वैद्य. काउंटरवर त्यांनी लोणच्याची एक काचेची बरणी ठेवली होती आणि तीत प्लास्टिकची पातळ झाकणं भरलेली. काळी, निळी, एक पिवळं. मी विचारलं, हे काय? शकीलभाई हसले. म्हणाले, "तुम्हारे जिभाऊ के हैं, बाई. हर नए मशीन का ढक्कन यहींच निकाल के छोड़ जाते. बोलते, इसका ढक्कन मेरे भाई के पास है."

म्हणजे विटांचं ते जुनं मशीन कधीच गेलं होतं. उघड्या पाठीतून पावसाचं पाणी शिरलं आणि संपलं. त्यानंतर जिभाऊंनी एकामागून एक नवी मशीनं घेतली. प्रत्येकाला चांगलं घट्ट झाकण होतं. ते काढून, वर ट्यूबची पट्टी आवळून ते गावात आले, आणि गावाकडून चिकट म्हणवून घेत राहिले. मी दुकानात उभी राहून त्या बरणीकडे बघत होते आणि मला काही केल्या तिथून हलता येईना. शकीलभाईंनी विचारलं, पिन चालू झाली, आणखी काही? मी नको म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचा दोष मी सोल्डरच्या धुरावर घातला.

मग आली उन्हाळ्यातली ग्रामसभा. तिथे जे घडलं ते अजून गावात चवीनं सांगतात. पाणी झालं, गटार झालं, स्मशानाचा रस्ता झाला. ऐनवेळच्या विषयात कोणाला काही बोलायचं आहे का, असं सरपंचताईंनी विचारलं आणि लोक चपला शोधायला लागले. जिभाऊ उठले. टोपी सारखी केली. म्हणाले, हातात धरून खेळायच्या मशीनबद्दल गावानं ठराव करावा.

ग्रामसेवकांनी पेन थांबवलं. जिभाऊ एखाद्या बंधाऱ्याची मागणी करावी तशा गंभीर आवाजात बोलत होते. "फुडलं मशीन दोन माणसंनं पाहिजे. डावा अंगठा एकना, उजवा दुसराना. एकटा माणूसना हातमा ते चालूच व्हवाले नको."

सभेत एकच हशा फुटला. कोणी म्हणालं, तिसऱ्या माणसासाठी मध्ये पण एक बटण ठेवा. कोणी विचारलं, महिलांना आरक्षण आहे का. ग्रामसेवक नोकरीला नवीन, त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं की हा ठराव पाठवायचा कोणत्या खात्याला? जिभाऊ म्हणाले, जे खातं पुढच्या काळाचं बघतं त्याला. सरपंचताईंच्या घरी पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, विरोधात कोणी आहे? विरोध कोण करणार. ठराव एकमतानं मंजूर झाला. जिभाऊ खाली बसले नाहीत. एका पोरानं मोबाइलवर सगळं टिपलं होतं, त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, नीट ऐकू येतं का त्यात? पुन्हा बोलू का?

मला लाज वाटत होती आणि त्या हसणाऱ्यांचा रागही येत होता. परत येताना मी जिभाऊंना चांगलंच सुनावलं. अहो, ओट्यावर बोलता ते ठीक आहे, सगळ्या गावापुढे कशाला हसं करून घेतलंत? जिभाऊ संथपणे चालत होते. म्हणाले, "सभामा बोललं का सगळासना कानवर जास, बाई."

सगळ्यांच्या कानावर. मी चालता चालता थांबले. त्यांना हवा होता तो कान एकच होता, आणि तो धानोऱ्याला होता. मोठ्या भावानं आधी बोलायचं नव्हतं ना, म्हणून ते ग्रामसभेत बोलले. मिरची, पंगत, एसटी, सूर्यावरचं मशीन, इतकी वर्षं चाललेली ती सगळी बडबड मला एकदम निराळी ऐकू यायला लागली. या माणसाला पुढल्या काळात दुसरं काही नकोच होतं.

ती चित्रफीत फिरली. आधी गावात, मग शहाद्यात, मग माझ्या नाशिकच्या भाचीनं मला पाठवली आणि खाली विचारलं, मावशी, हे तुमच्याकडचे का? जिभाऊ नंदुरबारच्या गाडीच्या वेळेला ओट्यावर बसायला लागले. मशीन हातात, डोळे रस्त्यावर. त्यांचा माणूस आता खड्ड्यात पडला तरी त्यांना पत्ता नसायचा. गाडी यायची, जायची. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. बापू आले नाहीत. मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या माणसाला इतक्या शिव्या घातल्या, की शाळेत कोणी ऐकल्या असत्या तर माझी पुन्हा बदली झाली असती.

श्रावणात कानबाई बसली. रविवारी रात्रभर शेजारी गाणी चालली, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन झालं. बाया परतल्या. आक्का रोटाच्या तयारीला आत गेल्या, जिभाऊ ओट्यावर टेकले, आणि मी माझ्या ओट्यावर शेंगा फोडत बसले. खरं सांगायचं तर शेंगा हे निमित्त. ओव्यात सैंधव घालून पुडी बांधूनच मी बसले होते.

नंदुरबारची गाडी फाट्यावर थांबून गेली. थोड्या वेळानं एक गृहस्थ गल्लीतून येताना दिसले. बुटके, टक्कल पडलेले, पण नाक थेट जिभाऊंचं. मी शेंग फोडायची थांबले.

ते जिभाऊंच्या ओट्यापुढे येऊन उभे राहिले. जिभाऊंनी पाहिलं आणि नजर मशीनवर नेली. आक्का दारात आल्या आणि चौकटीला धरून तशाच उभ्या राहिल्या. आत काहीतरी जळल्याचा वास यायला लागला, तरी त्या हलल्या नाहीत.

बापूंनी खिशात हात घातला. एक छोटंसं, मळकट, कडा झिजलेलं झाकण काढलं आणि पुढे धरलं.

"झाकण लयनू," ते म्हणाले.

जिभाऊंनी मशीन त्यांच्या हातात दिलं. बापूंनी ट्यूबची पट्टी काढली, झाकण लावून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं. विटांच्या मशीनचं झाकण ते, या रंगीत मशीनला कसं लागावं. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "बसत नही, भाऊ. हाई आपलं मशीन नही शे."

"न बसू दे," जिभाऊ म्हणाले. "रबर शे ना."

आणि त्यांनी ते झाकण बॅटरीवर आडवंतिडवं ठेवून वरून पट्टी आवळली. मग ओट्यावर जरा सरकले. सरकले म्हणजे उजवीकडे एका माणसाची जागा झाली. बापू चप्पल काढून तिथे बसले. खांद्याला खांदा लागला. दोघांच्या मध्ये मशीन, डावीकडे जिभाऊंचा अंगठा, उजवीकडे बापूंचा.

माणूस पळायला लागला. झाडं गेली. खड्डा आला. बापूंनी बटण दाबलं, पण तोवर तो आत गेला होता. मशीन रडलं.

"उशीर तू करा," जिभाऊंनी ठपका ठेवला.

"उशीर तूच करा," बापू म्हणाले.

मला वाटलं, आता संपलं, आता पुन्हा पंच बसवावे लागतात. जिभाऊंनी मिशीवरून हात फिरवला, नाक ओढलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला बापूंचा अंगठा आधीपासून तयार होता. माणूस उडाला आणि पलीकडे उतरला. दोघांनीही एकदम मान पुढे काढली, कारण त्या खड्ड्यापलीकडे काय आहे हे जिभाऊंना माहीतच नव्हतं. पलीकडे दुसरा खड्डा होता. त्यात पडले.

मग मात्र दोघे हसायला लागले. असे हसले की आक्कांना एकदम जळका वास आला आणि त्या आत पळाल्या. मला राहवलं नाही. मी माझ्या ओट्यावरूनच विचारलं, काय जिभाऊ, पुढलं मशीन कधी येतंय?

जिभाऊंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "नही उनं तरी चाली, बाई," ते म्हणाले. आता ते नाही आलं तरी चालणार होतं.

थोड्या वेळानं आक्कांनी दोघांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं, कारण रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. मी उरलेल्या शेंगा फोडल्या, टरफलं झाडली, संध्याकाळपर्यंत दोनदा उगाच दारात येऊन उभी राहिले. त्या दिवशी ओवा मागायला कोणी आलं नाही.